कोसबाडच्या टेकडीवरचे शोधकार्य

बालशिक्षणातील संशोधन म्हटले की आज डोळ्यांसमोर प्रश्नावल्या, नमुन्यांची निवड, कोष्टके आणि पदवीसाठी सादर करावयाचा जाडजूड प्रबंध उभा राहतो. या सामग्रीची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. परंतु शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांविषयी महाराष्ट्रात जी मोजकी शोधकार्ये खरोखर काही बदल घडवून गेली, त्यांतील एक ज्या बाईंच्या हातून घडले, त्यांच्याजवळ आरंभी यांपैकी काहीही नव्हते. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा, प्राथमिक शिक्षिकेचे प्रमाणपत्र आणि रात्रशाळेत बसून मिळविलेले मॅट्रिक एवढीच अनुताई वाघ यांची शैक्षणिक शिदोरी होती. संशोधन कसे करावे हे त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकविले नाही. त्या ते कसे शिकल्या, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग असून त्याकडे आपल्या अध्यापन महाविद्यालयांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि त्यानंतर सहा महिन्यांतच वैधव्य, ही त्या काळच्या कित्येक मुलींची कहाणी त्यांच्याही वाट्याला आली. मात्र शिक्षणाची वाट बंद झाली नाही. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झाल्या आणि १९२९ मध्ये पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिकेचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडल्या. एकोणीस वर्षांच्या या विधवा मुलीची पहिली नोकरी नाशिक जिल्ह्यात, चांदवड तालुक्याच्या ग्रामीण भागात होती.

चांदवडची ही चार वर्षे चरित्रकार सहसा एका ओळीत उरकतात. तसे करणे योग्य नव्हे. १९३१ च्या जनगणनेप्रमाणे हिंदुस्थानातील स्त्रियांत साक्षरांचे प्रमाण शेकडा तीनहूनही कमी होते. अशा काळात सातमाळ्याच्या डोंगररांगेखालच्या कोरडवाहू गावात मुलींना शिकवावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. पटावर नावे असतात, वर्ग मात्र रिकामा असतो. सुगीच्या दिवसांत हजेरी घसरते, धाकटे भावंड कडेवर घेतल्याखेरीज मोठी बहीण घराबाहेर पडू शकत नाही. ज्या शिक्षिकेने खेड्यातला हजेरीपट चार वर्षे सांभाळला आहे, तिला गैरहजेरीमागे काही कारण असते आणि ते मुलाच्या आळसात शोधून सापडत नाही, एवढे तरी कळलेले असते. पुढे कोसबाडला जे घडले त्याचे बीज अशा हजेरीपटात होते असे मानावयास हरकत नसावी.

१९३३ मध्ये अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. दिवसा शिकवावे आणि रात्री शिकावे, असा क्रम ठेवून १९३७ मध्ये त्यांनी मॅट्रिक पार केले. शहरातली नामांकित शाळा, स्थिर नोकरी, सुसंस्कृत सहकारी, असे सर्व काही होते. एकट्या स्त्रीने त्या काळी याहून अधिक कशाची अपेक्षा करावी?

१९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने बोरिवलीला ग्रामसेविकांसाठी एक शिबिर भरले होते. तेथे अनुताईंची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या होत्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयातील मोठ्या पगाराची जागा सोडून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कामाला लागल्या होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. माँटेसरी पद्धतीचा मराठी मध्यमवर्गाला परिचय झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. परंतु दादरच्या मुलाला जे मिळते ते खेड्यातल्या, हरिजनवाड्यातल्या, जंगलातल्या मुलाला कसे मिळावे, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देत नव्हता. त्याचे उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी अनुताईंना बोलाविले ते हे उत्तर शोधण्याच्या कामावर. हुजूरपागेचा राजीनामा देऊन अनुताई त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या आणि डिसेंबरात तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

येथे थोडे मागे जाऊन मारिया माँटेसरी यांच्या कामाकडे पाहिले पाहिजे, कारण त्याविना बोर्डीतील धडपडीचा अर्थ लागत नाही. माँटेसरी या व्यवसायाने डॉक्टर होत्या. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप दिवसभर मजुरीला गेल्यावर जिन्यांतून हुंदडणारी मुले त्यांच्यापुढे होती. डॉक्टर रोग्याकडे पाहतो तसे, कोणताही निष्कर्ष आधी न ठरविता, त्यांनी त्या मुलांकडे पाहिले. मूल कोणत्या वस्तूपाशी रमते, कितीदा तीच कृती करते, कोठे कंटाळते, याची त्यांनी नोंद ठेवली आणि त्या नोंदींवरून साधने घडविली, बदलली, काही टाकूनही दिली. प्रसिद्ध दट्ट्या, मनोरे आणि रंगफळ्या या त्या निरीक्षणाचे फलित होत्या. पण फलिताची कीर्ती पद्धतीपेक्षा लवकर पसरते. साधने जगभर गेली, महाग झाली, पेट्यांत बंद झाली. १९३९ मध्ये माँटेसरीबाई स्वतः मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत हिंदुस्थानातच राहिल्या, त्या काळात तर आपल्याकडे बालशिक्षण म्हणजे या साधनांचा संच असेच समीकरण होऊन बसले. गरिबांच्या मुलांकडे पाहून निघालेली पद्धती श्रीमंतांच्या मुलांपुरती उरली, हा विसाव्या शतकातील शिक्षणाच्या इतिहासातला एक विचित्र उलटा फेरा होय.

बोर्डीला साधनांचा असा संच घेऊन बसणे शक्य नव्हते आणि शक्य असते तरी उपयोगाचे नव्हते. तेव्हा ताराबाई आणि अनुताई यांनी संच बाजूला ठेवला आणि माँटेसरीबाईंचे मूळ काम पुन्हा पहिल्यापासून करावयास घेतले. समुद्रकाठी शंखशिंपले होते, गोटे होते. शिवारात चिंचोके, बिया, पाने, बांबू आणि माती होती. मूल यांपैकी कशाने काय करते ते पाहावयाचे, लहानमोठे लावते की रंगावरून वेगळे करते, मोजते की केवळ हाताळते, हे टिपून ठेवावयाचे आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीचा खेळ ठरवावयाचा. वस्तू फुकटच्या होत्या, निरीक्षण मात्र फुकट नव्हते. त्यासाठी शिक्षिकेला दिवसभर मुलांमध्ये वावरून संध्याकाळी पुन्हा वही उघडावी लागे. शिकविण्याची सवय जडलेल्या माणसाला पाहण्याची सवय लावून घेणे फार जड जाते. सोळा वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या अनुताईंनी पस्तिशीत ही सवय लावून घेतली. त्यांच्या संशोधनशिक्षणाचा पहिला धडा हाच होता.

दुसरा धडा मुलांच्या गैरहजेरीने दिला. केंद्र उघडले म्हणून मुले आली नाहीत. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुलांना गावातल्या इमारतीची पायरी चढण्याचा धीर होत नव्हता आणि गावाला ती चढावीत अशी फारशी इच्छाही नव्हती. अशा वेळी पालक अज्ञानी आहेत असा अभिप्राय लिहून वही मिटणे सोपे होते. पुष्कळ अहवाल तेथेच संपतात. येथे मात्र मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरले. घरापुढचे अंगण झाडून घ्यावे, मुलांना आंघोळ घालावी, केस विंचरावेत आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावेत, असा प्रकार सुरू झाला. त्याला नाव पडले अंगणवाडी. आज देशभरच्या सरकारी कागदपत्रांत रुळलेला हा शब्द अशा रीतीने एका फसलेल्या अपेक्षेतून जन्मास आला.

१९५६ च्या सुमारास हे काम बोर्डीहून आत, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. नाशिककरांना या टेकडीविषयी थोडा जिव्हाळा वाटावयास हरकत नाही. ज्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये नाशिकचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय काढले, तिचीच कृषिसंस्था याच टेकडीवर उभी राहिली आणि बोर्डीचे हायस्कूलही तिचेच. टेकडीच्या आसपास वारल्यांचे पाडे विखुरलेले होते. वारली हा तोवर जमीनदार आणि सावकार यांच्या वेठीत पिचलेला समाज होता. लग्नाच्या कर्जापायी गडी म्हणून राबणारी माणसे तेथे होती आणि अनुताई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली या भागात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटलेला होता. अशा समाजाला पाटी-पुस्तक घेऊन आलेल्या पांढरपेशा बाईविषयी विश्वास वाटावा तरी कशावरून?

कोसबाडला अनुताईंनी जे शोधून काढले ते मुळात शिक्षणशास्त्रापेक्षा अर्थशास्त्राच्या प्रांतातले आहे आणि म्हणूनच ते अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. शाळेला फी नव्हती. तरीही मुले येत नव्हती, कारण फी नसणे म्हणजे शिक्षण फुकट असणे नव्हे. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात तो वारली कुटुंब रोज भरत होते. आई-बाप भाताच्या खाचरात, गवतकापणीला किंवा जंगलाच्या कामावर गेले की सात-आठ वर्षांची मुलगी घरातले तान्हे सांभाळी आणि मुलगा गुरे घेऊन कुरणात जाई. या दोन मुलांचे श्रम काढून घेतले तर आईची मजुरी बुडते किंवा गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरतात. शाळेत पाठविलेल्या प्रत्येक मुलामागे घराला बसणारी ही तोशीस कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकात धरलेली नव्हती. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आणि पालकांना दंड, हा त्यावरचा उपाय म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही त्याच्याकडूनच वसुली करण्यासारखे होते.

हे एकदा ध्यानात आल्यावर रचना बदलणे क्रमप्राप्तच होते. मुलीच्या कडेवरचे तान्हे ठेवण्यासाठी पाळणाघर, त्याहून मोठ्या भावंडासाठी बालवाडी आणि मुलीसाठी प्राथमिक शाळा, ही तिन्ही एकाच आवारात, एकाच वेळी चालू लागली, म्हणजे घरातली सगळी भावंडे सकाळी एकत्र निघून एकत्र परत येऊ लागली. या योजनेला विकासवाडी हे नाव मिळाले. गुराख्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होता, कारण गाय पाळणाघरात ठेवता येत नाही! तेथे शाळाच कुरणात गेली. गुरे चरत असताना झाडाखाली मुले गोळा करावयाची, पाने-दगड-काटक्या यांवर गणित करावयाचे आणि एखादे जनावर भरकटले तर मुलाने उठून ते वळवून आणावयाचे. तो परत आला की पाठ पुढे सुरू. ही कुरणशाळा होय. त्यावर अनुताईंनी पुढे पुस्तकही लिहिले. शाळेची वेळ, जागा, घंटा, गणवेश यांपैकी काय अपरिहार्य आहे आणि काय केवळ वहिवाट आहे, हे ठरविण्याची याहून स्वच्छ कसोटी क्वचितच कोणी लावली असेल.

भाषेचा प्रश्नही असाच पाहून सुटला. पुस्तकातली मराठी आणि पाड्यावरची बोली यांत बरेच अंतर आहे. बालवाडीतले मूल गप्प बसते ते मंद म्हणून की त्याला बोललेले कळत नाही म्हणून, हे ओळखण्यासाठी आधी शिक्षिकेलाच मुलाची बोली कळावी लागते. घरातल्या गाण्यांना, तारप्याच्या तालावरच्या नाचाला आणि भिंतीवरच्या चित्रांना बालवाडीत स्थान मिळाले, ते काही लोककलेच्या कौतुकापोटी नव्हे. मुलाला जे आधीच येते तेथून आरंभ केल्याविना पुढचे पाऊल पडत नव्हते, म्हणून.

अनुताईंच्या कामाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोसबाडचा प्रयोग चालू असतानाच अमेरिकेत मिशिगन राज्यातील यप्सिलँटी या गावी १९६२ मध्ये एक वेगळ्या जातीचा प्रयोग सुरू झाला. गरीब निग्रो कुटुंबांतील तीन-चार वर्षांची १२३ मुले घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले गेले. ५८ मुलांना बालशाळेचा लाभ मिळाला, ६५ मुलांना मिळाला नाही. मग दोन्ही गटांचा माग वयाच्या चाळिशीपर्यंत आणि त्याही पुढे घेण्यात आला. कोण किती शिकले, कोण किती कमावते, कोण तुरुंगात गेले, हे सर्व नोंदविले गेले आणि नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी त्या आकड्यांवरून बालशिक्षणावरील गुंतवणुकीचा परतावा दरसाल शेकडा ७ ते १० इतका काढला. जगातील अर्थमंत्र्यांना हा आकडा ऐकू येतो. कोसबाडपाशी असा आकडा नाही, कारण तेथील प्रयोग त्या घडणीचा नव्हता. काही मुलांना दाराबाहेर ठेवून तुलना करावी, हा विचारही ज्या टेकडीवर एकेक मूल गोळा करण्यासाठी पायपीट चालली होती तेथे शोभला नसता.

तरीही या दोन प्रयोगांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे ठरेल. बालशाळेत आलेल्या मुलाचा लाभ किती, हा यप्सिलँटीचा प्रश्न होता. मूल बालशाळेत येतच नाही ते का, हा कोसबाडचा. पहिल्याचे उत्तर गणिताने मिळते; दुसऱ्यासाठी पाड्यावर जाऊन राहावे लागते. भारतासारख्या देशात दुसरा प्रश्न आधी सुटल्याविना पहिला विचारताच येत नाही. मात्र दोन्हींची सांगड घातली गेली असती तर कोसबाडचे म्हणणे दिल्लीच्या नियोजनकर्त्यांना अधिक नेटाने सांगता आले असते, ही खंत उरतेच. ही उणीव अनुताईंच्या पदरात टाकता येणार नाही. टेकडीवरच्या बाई रोज पाहत होत्या आणि लिहीत होत्या. विद्यापीठांतील सांख्यिकी जाणणाऱ्यांनी ती टेकडी चढावयास हवी होती.

१९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, अनुताई बी. ए. झाल्या. अंगणवाडी आणि कुरणशाळा आधी, विकासवाडी आधी आणि पदवी नंतर, असा हा क्रम होता. त्यांना पदवीची लाज नव्हती आणि तिचे फाजील अप्रूपही नव्हते. अध्यापन मंदिरात शिकावयास येणाऱ्या खेड्यांतील मुलींना त्यांनी आपलेच शिक्षण दिले. पाठाचे टाचण लिहिण्याबरोबर मूल पाहावयास आणि पाहिलेले सरळ शब्दांत लिहावयास या मुली शिकल्या. ‘बालवाडी कशी चालवावी’ हे त्यांचे पुस्तक अशा शिक्षिकांसाठी लिहिलेले असून ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्यांनी आपल्या कामाची हकिगत सांगितली आहे.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पक्षेत्रांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. तीच योजना पुढे देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. हा मोठाच विजय म्हटला पाहिजे. लाखो मुलांना त्यामुळे पोषण मिळाले, लसी मिळाल्या. पण बोर्डीच्या अंगणात ज्या चौकसपणातून अंगणवाडी निघाली, तो चौकसपणा नावाबरोबर गेला असे म्हणवत नाही. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यात, कोसबाडसारख्याच डोंगरपाड्यांवर काम करणारी अंगणवाडी सेविका आजही पुष्कळ नोंदी करते. वजन, उंची, हजेरी, आहार, सारे काही ती पूर्वी रजिस्टरात लिहीत असे, आता मोबाईलवर भरते. हे आकडे वर जातात. अमुक पाड्यावरची मुले भातलावणीच्या महिन्यात का दिसत नाहीत, हे मात्र तिला कोणी विचारीत नाही आणि तिला ठाऊक असले तरी ते लिहिण्यासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात आणला. या टप्प्यावर आता प्रबंध लिहिले जातील आणि त्यांच्या ऋणनिर्देशात सेविकांचे आभार मानले जातील. सेविकेला सहसंशोधक मानण्याची कल्पना आपल्याकडे अजून नवखीच आहे. वस्तुतः अनुताईंचे अर्धे आयुष्य तिचाच पुरावा आहे.

१९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. मानसन्मान आले तरी मुक्काम टेकडीवरच राहिला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. १९५६ साली कोसबाडच्या बालवाडीत चार वर्षांचे असलेले मूल तेव्हा चाळिशीत होते. यप्सिलँटीच्या मुलांना त्यांचे चाळिसावे वर्ष विचारले गेले, तसे या मुलांना कोणी विचारले नाही. त्यांतील जी हयात आहेत ती आता सत्तरी ओलांडून गेली असून त्यांचे पाडे डहाणूच्या रस्त्यावरून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.